सांगाव्याचे पाय

वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका माणसाने मला विचारलं, "पाटलाचा तू कोन?" आणि मी म्हणालो, "कोनी नाय."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, बायकोला नाही. आई गेली, तिलाही शेवटपर्यंत नाही. आताही सांगितलं नसतं, पण काकांबद्दल लिहायचं म्हटलं की हे झाकून लिहिता येत नाही. दोन-तीनदा बसून पाहिलं. त्यांच्या पायांचं वर्णन छान जमतं, मग दुसऱ्या पानावर हात थांबतो.

काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. उंच, वाकड्या नाकाचे, आणि स्वतःच्या पायांवर बेहद्द खूश असलेले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते पायांना खोबरेल चोळत, आणि रस्त्याने कोणी नवखा जाताना दिसला तर त्याला बोलावून दाखवत. "बग, भेग हाय कंय? शोधून दाखव." माणूस बिचारा वाकून बघायचा. भेग नसायची. "नाय ना? मंग जा."

चाक असलेल्या कशावरही ते जन्मात बसले नाहीत. बैलगाडी नाही, टांगा नाही, आगगाडी नाही. होडी चालायची, कारण होडीला चाक नसतं. स्वतःच्या लग्नात नवरी घेऊन बैलगाडी पुढे आली आणि नवरदेव मागून चालत येईपर्यंत काकी मांडवात एकटी बसून राहिली, हे काकी स्वतः पुढे चाळीस वर्षं सांगत होती. "मना वाटला, दुसऱ्याच कोनाशी लगीन लागतंय माजा." लेकीचं बाळंतपण कल्याणला झालं तेव्हा ठाण्यापलीकडच्या आमच्या गावातून ते कल्याणपर्यंत चालत गेले. नातवाला बघितलं, आणि चालत परत आले. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही गाडीत का नाही बसत?"

"पयला सांग, मना तुमी कनाला बोलतंस? मी काय कचेरीतला सायब हाय?"

"बरं. तू का नाय बसत?"

"चाकावर बसलेला मानूस येतो. पन पोचत नाय."

असं बोलून ते पुन्हा पायाला तेल लावू लागत. पुढचं विचारायची सोय नसे.

हे वेड नुसतं वेड नव्हतं. आमचं गाव कोलशेतच्या बाजूला, खाडीच्या काठावर. मिठागरं, भातखाचरं आणि मासेमारी. माझे वडील आमच्या एकट्या गावाचे पाटील नव्हते. खाडीकाठच्या सात आगरी गावांचा मान आमच्या घराकडे होता. सरकारदरबारी त्या मानाला काही अर्थ नव्हता, पण लग्नाची तिथी, मासेमारीच्या हद्दीचं भांडण, गावदेवीची जत्रा, सगळं आमच्या ओट्यावर ठरायचं. आणि असा पाटील गेला की त्याच्या मरणाची खबर उरलेल्या सहा गावांना न्यायची, हा मान काकांच्या घराचा. त्याला आमच्याकडे सांगावा म्हणतात, आणि तो नेणाऱ्यालाही सांगावाच.

सांगावा न्यायची रीत कडक. अनवाणी जायचं. गावात शिरायचं नाही, वेशीवर गावाकडे पाठ करून उभं राहायचं आणि पाटलाचं नाव घेऊन सांगायचं. मग त्या गावचा कोणी जाणता तांब्या घेऊन येतो आणि सांगाव्याच्या पायांवर पाणी ओततो. पाणी पडलं की गाव बोलावलं गेलं. ते वाळेपर्यंत तिथून हलायचं नाही. सूर्य मावळल्यावर चालायचं नाही. आणि सांगावा पोचायच्या आधी बाहेरच्या कोणाच्या तोंडून खबर आली, तर तो सांगावा फुटला. ते गाव दहाव्याला येत नाही. रागाने नाही, त्यांना बोलावलेलंच नसतं.

दहाव्याला पाटलाच्या थोरल्या मुलाच्या डोक्याला पागोटं बांधतात. प्रत्येक गावाचा एक वेढा. सात गावं, सात वेढे. एक गाव आलं नाही तर पागोटं एका वेढ्याने कमी बसतं, आणि मग ते गाव त्या घराचं राहत नाही.

काकांनी तरुणपणी माझ्या आजोबांचा सांगावा नेला होता. आता वडिलांचा न्यायचा ही त्यांची आयुष्यातली उरलेली एकच हौस. वडील चांगले धडधाकट असताना, त्यांच्याच ओट्यासमोर, देवळाच्या मागे उभे राहून काका सराव करत. खणखणीत आवाजात वडिलांचं नाव घेऊन, "...गेला हो, सातगावचा पाटील गेला." वडील ओट्यावर सुपारी कातरत ऐकत असत. मग आईला सांगत, "त्याला सांग, आवाज बसलाय. काढा घे बोलावं."

निरोप आईकडून, कारण दोघे एकमेकांशी बोलत नसत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त टळू नये म्हणून वडिलांनी काका पोचायच्या आत पंगत बसवली होती. काका चालत आले तोवर दुसरी पंगत चालू होती. त्यावरून जे तोंड फिरलं ते फिरलं. तरी रोज संध्याकाळी काका आमच्याच ओट्यावर येत. ओट्याला सागाचा एक खांब होता. दोघे त्याच्या दोन बाजूंना बसत आणि खांबाशी बोलत.

"खांबा, त्याला सांग, उधाणाची भरती हाय, बांधावर मानूस ठेव बोलावं."

"खांबा, सांग, ठेवलाय. यो आता सांगतंय."

गावाला याचं काही वाटत नसे. मला वाटे. मी ठाण्याच्या शाळेत शिकलो, मॅट्रिक झालो, ठाण्यातच एका कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागलो. गावातली पहिली सायकल माझी. कचेरीतले मित्र घरी यायचं म्हणाले की मी काहीतरी कारण काढत असे. खांबाशी बोलणारे वडील आणि त्यांच्या मरणाची तालीम करणारे काका मी कोणाला दाखवणार होतो? आज वाटतं, सगळ्या ठाण्याला बोलावून दाखवायला हवे होते. पण ही अक्कल मला पन्नाशीत आली.

वडील आजारी पडले ते उन्हाळ्यात, मिठागरं भरात असताना. शेवटच्या आठवड्यात त्यांना ओट्यावर, खांबाला टेकून बसवत असू. त्याच आठवड्यात काकांच्या तळव्यात खाडीतल्या कालवाची शिंपी घुसली. त्या पायात, ज्यात भेग नव्हती. पाय टरारून सुजला. काका लंगडत आले आणि आपल्या बाजूला बसले.

वडिलांनी बराच वेळ दम घेतला. मग म्हणाले, "खांबा, त्याला विचार, पायाला काय झालाय?"

"खांबा, सांग, पाय माजा हाय, मरन त्याचा हाय. ज्याचा त्याना संभालावा."

वडील हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि काका उठले, खांबाला वळसा घालून आले, त्यांची पाठ चोळली, पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले.

वडील शुक्रवारी पहाटे गेले. दहन आटोपलं, दादाचं आणि माझं मुंडण झालं. काकांनी पायाची पट्टी सोडून टाकली. आई म्हणाली, "भावोजी, पट्टी तरी रव द्या."

"पट्टी बांधून गेलो तर मानसा पायाकरं बगतील. पाटलाचा नाव कोन ऐकनार?"

आणि ते निघाले.

सांगावा परत येईपर्यंत गावात चूल पेटत नाही. एकाही घरात नाही. मिठागरावर कोणी जात नाही, होड्या बांधलेल्या. तान्ह्या पोरांसाठी शेजारच्या पाड्यातल्या किरिस्ताव बायका पेजेची मडकी आणून वेशीवर ठेवत आणि क्रूसाची खूण करून जात. त्यांना कोणी सांगायला जात नसे. आमच्याकडून धूर दिसला नाही की त्या समजत. आणि पाटलाच्या मुलांनी सांगावा परतेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही.

इथे माझं अडलं. वडिलांच्या आजारपणासाठी रजा दिली तेव्हाच साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारी हजर हो. जागा हंगामी, माझ्यामागे उमेदवार टपलेले. धडधाकट माणूस दीड-दोन दिवसांत सहा गावं करून येतो. शनिवारी सकाळी मिठागराच्या बांधावरून कोणी खबर आणली की काका अजून तिसऱ्याच गावात आहेत, पाय उचलत नाहीये. मी हिशेब केला. मंगळवार होणार. कदाचित बुधवार.

मी स्वतःला काय सांगितलं ते लिहितो. म्हातारा माणूस, सुजलेला पाय, कशासाठी एवढी फरफट? सर्वांत लांबचं गाव मी सांगून आलो तर त्यांचा एक टप्पा वाचेल, तिथे खबर पोचल्याचं वाटेतच त्यांच्या कानावर जाईल. खबर ती खबर, पायाने गेली काय, चाकाने गेली काय. हे सगळं मी दयेच्या सुरात स्वतःला सांगितलं. खरं कारण सोमवार होतं.

दुपारी सगळं गाव उपाशीपोटी आडवं झालेलं असताना मी मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली, पायात चपला चढवल्या, आणि सायकल बांधावरून दामटली.

शेवटच्या गावाच्या वेशीवर एक नाखवा, म्हणजे होडीचा मालक, वडाखाली जाळं विणत बसला होता. मी सायकलवरून न उतरताच, एक पाय जमिनीला टेकवून म्हणालो, "पाटील गेले. सातगावचे."

त्याचे हात थांबले. "कवा?"

"काल."

"तू कोन?"

"मी पोस्टातला. ठाण्याचा."

"पाटलाचा तू कोन?"

टोपी घट्ट बसली होती. तिच्याखाली ताजं मुंडण खाजत होतं. खरं सांगितलं असतं तर मी शीव ओलांडून आलोय हे कळलं असतं.

"कोनी नाय," मी म्हणालो.

नाखव्याने मला नीट बघितलं. "चांगला मानूस होता. त्यानाच आमच्या न् पलीकडल्यांच्या हद्दीचा भांडान मिटवला." मग उठून गावात गेला, आणि तांब्या घेऊन आला. क्षणभर मला वाटलं तो पायावर ओतणार. त्याने तो माझ्या हातात दिला, वर गुळाचा खडा. "उनाचा आलास. पी."

मी प्यायलो. आमच्या घरात आईने तेव्हा दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि मी गूळ खाऊन पाणी प्यायलो. गोड लागलं.

काका रविवारी संध्याकाळी परत आले. हिशेब चुकलाच होता. गुडघ्यापर्यंत पाय निळा पडलेला, दोन माणसं दोन बाजूंना. त्यांनी वेशीवर सांगितलं, "सहाच्या सहा गावांचा पानी परला," आणि चुली पेटल्या. मी सोमवारी कचेरीत हजर झालो. साहेबांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, वडील गेले ना तुझे? मी लिहून ठेवलं होतं, हा काही पंधरा दिवस यायचा नाही."

सहाच्या सहा. मला कोडं पडलं होतं. शेवटच्या गावी तर सांगावा फुटलेला होता, तो मीच फोडला होता. नोकरीच्या घाईत मी ते धाडस केलं तेव्हा दादाच्या पागोट्याचा एक वेढा जातोय, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. ते आलं घरी परतल्यावर, आणि मग दहाव्यापर्यंत मला झोप अशी लागली नाही.

दहाव्याला सगळी गावं आली. खाडीकाठाने येणाऱ्या त्या रांगा मी अजून विसरलेलो नाही. पांढरी धोतरं, उघडी डोकी, बायका मागे, आणि कुठेही गडबड नाही. सर्वांत शेवटी नाखव्याचं गाव आलं. मी अंगणात पाणी वाढत होतो. दादा पाटावर बसलेला. पागोट्याचं लाल कापड उलगडलं, आणि एकेक गावाचा जाणता पुढे होऊन वेढा देऊ लागला. सहावा वेढा झाला. सातवा नाखव्याने दिला, टोक खोचलं, आणि मोठ्याने म्हणाला, "आता एक गंमत सांगतो."

माझ्या हातात तांब्या होता. तो मी दोन्ही हातांनी धरला.

"आमच्याकरं सांगावा आला दोनदा. पयला आला सायकलवर, टोपी घालून, पोस्टातला. मी बोललो, फुटला सांगावा, आपून काय जायाचा नाय. दुसऱ्या दिसाला यो आला, लंगरत. मी सांगितला, बाबा, खबर आली हाय. तर यो बोलतो, त्याला मीच पाठवला होता. पाय चालत नव्हता, म्हनून त्या पोराला पुढं धारला. जीब माजी, चाक त्याचा."

सगळं अंगण हसलं. दुःखाच्या घरात दहाव्याला हसायला हरकत नसते, उलट हलकं वाटतं. कोणीतरी काकांना म्हणालं, "काय रं, जलमभर गारीत बसला नाय, न् सांगावा सायकलवर?" दुसरा म्हणाला, "आता तेल पायाला नको लावू, चाकाला लाव."

काका खांबाला टेकून बसले होते. दुखरा पाय धोतराखाली झाकलेला. सात गावांसमोर मिरवायला ज्यांनी आयुष्यभर दोन पाय राखले, ते मान खाली घालून म्हणाले, "म्हातारा झालो. पाय हरला."

हसू अजून चालू होतं तेवढ्यात नाखव्याची नजर फिरत फिरत माझ्याकडे आली. टोपी नव्हती डोक्यावर, पण चेहरा तोच होता. तो कपाळाला आठी घालून बघू लागला. काकांनी डोकं वर केलं आणि माझ्यावर खेकसले, "उबा काय ऱ्हायलास? मागं जा. आयसला पानी दे."

मी मागच्या दारी गेलो आणि नाखव्याचं गाव निघेपर्यंत पुढे आलो नाही.

तेव्हा मला कळलं की काकांना कळलेलं आहे. मिठागराच्या बांधावर ओल्या चिखलात सायकलचा माग उमटतो, आणि त्या वेळी आमच्या काठावर सायकल एकच होती. काकांना ते वेशीपर्यंत पोचायच्या आधीच ठाऊक झालं असणार. तिथे गेल्यावर त्यांना दोनच गोष्टी बोलता येत होत्या. एक खरी होती. तिने दादाचा वेढा गेला असता, आणि पाटलाच्या मुलाने बापाला नाकारलं हे सात गावांत झालं असतं. दुसरी खोटी होती, आणि तिची भरपाई त्यांना स्वतःच्या पायांनी करावी लागणार होती. त्यांनी दुसरी निवडली. मला ते सांगून उपकार दाखवले नाहीत, आणि शिव्याही दिल्या नाहीत.

काही दिवसांनी मी धीर करून ओट्यावर गेलो. ते आपल्या बाजूला बसले होते. वडिलांची बाजू रिकामी होती. मी तिथे बसलो आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी मी..."

ते खांबाकडे वळले. "खांबा, त्याला सांग, कचेरीला उशीर होईल."

त्यानंतर ते माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. जे बोलायचं ते खांबाला. माझं लग्न झालं, मुलगा झाला, जागा कायम झाली, प्रत्येक वेळी त्यांनी खांबाला सांगून माझी विचारपूस केली. ती शिक्षा होती की वडिलांची जागा त्यांनी मला दिली होती, हे मी ठरवू शकलेलो नाही. मला दुसरं वाटून घ्यायला आवडतं.

नाव मात्र त्यांना चिकटलं. सायकलवाला. ते लंगडत निघाले की पोरं मागून तोंडाने घंटी वाजवत. काका बाजूला सरून त्यांना वाट देत आणि म्हणत, "जा बाबा, तुजी गारी पुढं जाव दे." तेल लावणं त्यांनी सोडलं. एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात काय चाललंय ते सांगत असे.

काही वर्षांनी ते गेले. ते पाटील नव्हते, त्यांच्यासाठी सांगावा नव्हता, पण सहाही गावांची माणसं आपणहून आली. खांदा द्यायला मी होतो. नाखवाही होता, म्हातारा झालेला. चितेपाशी उभा राहून तो प्रेमाने म्हणाला, "आमचा सायकलवाला गेला." सगळ्यांनी मान हलवली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

आता मी डोंबिवलीत राहतो. खाडीकाठ बदलला, कारखाने आले, मिठागरांवर भिंती उभ्या राहिल्या. पण गावदेवीसमोर अजून सात गावं एकत्र बसतात, पाटलाच्या मरणात चुली अजून थंड राहतात. शाळा-कॉलेजं शिकलेल्या सुना त्यात एक दिवसही कमी करू देत नाहीत, आणि हे मी ऑफिसात छाती काढून सांगतो. मध्यंतरी गावच्या एका लग्नात भटजी घाईघाईने विधी उरकत होते. दादाचा नातू मागून म्हणाला, "बघा, सायकलवालं काम चाललंय." मी विचारलं, हा शब्द कुठून आला? त्याला माहीत नव्हतं. सगळेच म्हणतात, म्हणाला. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात एकदाही चोरवाट धरली नाही, त्याचं नाव आमच्या काठावर चोरवाटेला पडलं आहे.

हे छापलं जाईल, पण आमच्याकडे छापलेलं धरत नाहीत. तोंडाने सांगावं लागतं, वेशीवर उभं राहून, गाव ऐकत असताना. तो पोस्टातला नव्हता, तो पाटलाचा धाकटा मुलगा होता आणि त्याला कोणी पाठवलं नव्हतं, एवढं सहा गावांना चालत जाऊन सांगणं माझ्याकडे बाकी आहे.